पुस्तकातून फोटो एडिटिंग शिकताना: आकडा सोडा, कारण धरा

फोटो एडिटिंगच्या कुठल्याही पुस्तकात शार्पनिंगची, म्हणजे फोटो धारदार करण्याची, एक ओळ हमखास सापडते: अमाउंट १५०, रेडियस १, थ्रेशोल्ड ३. वाचणारा तेच आकडे आपल्या फोटोवर टाकतो, चेहरा खरखरीत दिसायला लागतो आणि पुस्तक कपाटात जातं. ते आकडे बरोबरच असतात, पण लेखकाच्या फोटोसाठी. त्याचा कॅमेरा वेगळा, उजेड वेगळा, समोरचा माणूस वेगळा. आपण मुंबईत, दमट हवेत, ट्यूबलाइटखाली आणि लोकलच्या दारात फोटो काढतो. म्हणून पुस्तकातून घ्यायचं ते आकड्यामागचं कारण. हा लेख ते कारण कसं शोधायचं याबद्दल आहे.

व्हिडिओ बघून शिकता येत नाही असं मी म्हणत नाही. पण व्हिडिओ तुमच्या हाताच्या पुढे धावतो. पुस्तक उघडं पडून राहतं, तुम्ही एका परिच्छेदावर तासभर अडकलात तरी तिथेच थांबतं. आणि छापील पानावर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी असतात, त्यामुळे नजर पुन्हा पुन्हा दोन्हींवर फिरते. नजर तयार होते ती अशीच.

पायरी १: पुस्तक निवडणं

नवं पुस्तक महाग वाटत असेल तर जुनं घ्या. हुतात्मा चौकाच्या आसपासच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अशी पुस्तकं अधूनमधून मिळतात. विकत घेण्याआधी मागची सूची उघडा आणि चार शब्द शोधा: लेव्हल्स, कर्व्हज, अ‍ॅडजस्टमेंट लेयर, लेयर मास्क. चारही विषयांना पुरेशी पानं दिली असतील तर पुस्तक जुनं असलं तरी चालेल.

किती जुनं चालेल? फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली. लेयर्स, म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवलेले थर, १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालचा फोटो न बदलता वरून उजेड-रंग बदलणारा थर) १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत आणि हीलिंग ब्रश २००२ च्या सातव्या आवृत्तीत. म्हणजे २००५ च्या सुमाराचं पुस्तक असेल तर पाया सगळा त्यात आहे. बदलल्या आहेत त्या मेनूच्या जागा आणि बटणांची रूपं. एखादं साधन पुस्तकात दाखवलेल्या जागी सापडलं नाही तर प्रोग्रॅममधल्या शोधपट्टीत त्याचं नाव टाका.

दुसरी कसोटी छपाईची. आधीच्या आणि नंतरच्या फोटोतला फरक छापील पानावर दिसतच नसेल, तर मजकूर कितीही चांगला असो, ते पुस्तक परत ठेवा. जुन्या पुस्तकांच्या मागच्या कव्हरला सरावाच्या फोटोंची सीडी असते किंवा असायला हवी होती. ती नसल्याची हळहळ नको. सराव आपण आपल्याच फोटोंवर करणार आहोत.

पायरी २: प्रोग्रॅम

पुस्तक फोटोशॉपचं असलं म्हणून फोटोशॉप घ्यायलाच हवं असं नाही. जिम्प पूर्ण फुकट आहे आणि १९९६ पासून लोक ते वापरतात. मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीत फिल्टर लावल्यानंतरही त्याची मात्रा पुन्हा बदलता येते, जे आधी जमत नव्हतं. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया दिसायला फोटोशॉपसारखंच आहे, त्यामुळे पुस्तकातली चित्रं त्याच्याशी जुळतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे दोन्ही मोफत पर्याय आहेत. एक प्रोग्रॅम निवडा आणि पुस्तक संपेपर्यंत बदलू नका.

पायरी ३: टेबल आणि स्क्रीन

ही पायरी पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, पण आपल्या घरांत ती महत्त्वाची आहे. छोट्या खोलीत टेबल बहुतेक वेळा खिडकीला लागून असतं. खिडकी पाठीशी असेल तर स्क्रीनवर चकाकी येते, समोर असेल तर डोळे दिपतात. खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला येईल असं टेबल फिरवा. जमत नसेल तर पडदा ओढून नेहमी एकाच दिव्याखाली काम करा. रात्री स्क्रीन पिवळी करणारी सोय लॅपटॉपमध्ये असते, ती एडिटिंगच्या वेळी पूर्ण बंद ठेवा. ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होणंही बंद करा.

मग एक साधी चाचणी. एक फोटो जवळच्या लॅबमध्ये ४ बाय ६ इंची छापून आणा. लॅबवाल्याला सांगा, ‘करेक्शन करू नका, आहे तसा छापा.’ तो प्रिंट दिवसाउजेडी स्क्रीनशेजारी धरा. प्रिंट काळपट वाटला तर दोष बहुधा स्क्रीनच्या जास्त ब्राइटनेसचा असतो. दोन्ही साधारण सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा आणि ती पातळी वहीत लिहून ठेवा. ‘प्रिंट काळे येतात’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

पायरी ४: सरावाचे फोटो

पुस्तकातले फोटो नीटनेटके असतात. आपले तसे नसतात, म्हणूनच ते शिकवतात. एक फोल्डर करा आणि त्यात अडचणीचे फोटो जमवा. वरळी सी फेसवरून पावसात काढलेला सी लिंक. लोकलच्या दारात उभा असलेला माणूस, मागे भगभगीत ऊन. दादरच्या फूलबाजारातले झेंडूचे ढीग. गणपतीच्या मंडपात निळ्या-जांभळ्या एलईडीखाली काढलेला मित्राचा फोटो. घरातल्या कुणाचा खिडकीजवळचा साधा चेहरा. आणि आईच्या ट्रंकेतला एखादा डाग पडलेला जुना फोटो. मूळ फाइल कधीही उघडून तिच्यावरच सेव्ह करू नका. जेपेग फाइल प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह होताना थोडा तपशील गमावते. नक्कल करा, तिच्यावर काम करा आणि लेयर्ससकट पीएसडी (फोटोशॉपची फाइल) किंवा एक्ससीएफ (जिम्पची) म्हणून ठेवा.

पायरी ५: प्रकरण तीनदा वाचणं

पहिलं वाचन कॉम्प्युटरपासून दूर. लोकलमध्ये बसायला जागा मिळत असेल तर तिथेही होतं. आधी फक्त चित्रं बघा. मजकूर हाताने झाका आणि दोन फोटोंत काय बदललं ते स्वतःशी सांगा: सावल्या उघडल्या का, आकाश गडद झालं का, त्वचेचा रंग सरकला का? मग मजकूर वाचून ताडून बघा.

दुसरं वाचन प्रोग्रॅम उघडून. लेखक सांगतो ती प्रत्येक क्रिया करा, पण दर आकड्यापाशी थांबा. त्याने ३० म्हटलं तर आधी ० ठेवून बघा, मग १००, मग ३०. ० आणि १०० च्या टोकांवर साधन नक्की काय करतं ते उघड दिसतं, ३० वर ते लपलेलं असतं. या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवली तर ही करा.

तिसऱ्या वेळी पुस्तक मिटायचं आणि आपला फोटो घ्यायचा. काम झालं की वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, का केलं, माझ्या फोटोला कोणता आकडा लागला. मधला रकाना भरता आला नाही, तर ते प्रकरण अजून झालेलं नाही.

पायरी ६: हिस्टोग्राम आणि लेव्हल्स

पुस्तकात प्रकरणांचा क्रम काहीही असो, सुरुवात इथून करा. हिस्टोग्राम म्हणजे फोटोत कुठल्या उजेडाचे किती ठिपके आहेत याचा आलेख. डावीकडे ० म्हणजे काळं, उजवीकडे २५५ म्हणजे पांढरं. लेव्हल्स या साधनात हाच आलेख असतो. पुस्तक सांगतं की त्याखालचे काळा आणि पांढरा हे दोन त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथपर्यंत आत सरकवा. सूचना योग्य आहे, कारण कोरड्या स्वच्छ उजेडात काढलेल्या फोटोत कुठेतरी खरं काळं आणि खरं पांढरं असायलाच हवं.

आता हीच सूचना पावसातल्या सी लिंकच्या फोटोवर करून बघा. आलेख मध्येच गोळा झालेला असतो, दोन्ही बाजू रिकाम्या. त्रिकोण आत आणले की केबल्स काळ्याकुट्ट होतात, आकाश पांढरं होतं आणि पाऊस नाहीसा होतो. त्या दृश्यात काळं नव्हतंच, पाण्याच्या पडद्यातून सगळं करडं दिसत होतं. अशा वेळी काळा त्रिकोण अर्ध्या वाटेवर थांबवा. पुस्तकातलं कारण पाळलं गेलं, कृती बदलली.

झेंडूचा फोटो वेगळा धडा देतो. एकत्रित हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो, तरी पाकळ्या सपाट, नुसता केशरी रंग फासल्यासारख्या. लाल, हिरवा, निळा असे तीन आलेख वेगवेगळे उघडा. लाल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. केशरी रंगात लाल सगळ्यात जास्त आणि निळा अगदी कमी असतो, त्यामुळे लाल आधी २५५ च्या टोकाला पोचतो आणि पाकळीवरच्या रेषा जातात. रॉ फाइल असेल तर एक्स्पोजर थोडं खाली आणा, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी करा आणि लाल आलेख भिंतीपासून सुटेपर्यंत बघत राहा. जेपेगमध्ये गेलेल्या रेषा फारशा परत येत नाहीत. पुढच्या वेळी बाजारात गेलात की कॅमेऱ्यावरच थोडं कमी एक्स्पोजर द्या.

पायरी ७: कर्व्हज

इथे घाई करू नका. कर्व्हज कळलं की ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि लेव्हल्स ही तिन्ही साधनं त्याचीच छोटी रूपं आहेत हे लक्षात येतं.

चौकटीत एक तिरपी रेषा असते. आडव्या बाजूवर फोटोचा मूळ उजेड, उभ्या बाजूवर नवा. रेषेचा मधला बिंदू वर ओढला की मधले रंग उजळतात, दोन्ही टोकं जागच्या जागी राहतात. पुस्तक बहुधा एस आकार करायला सांगतं: ६४ वरचा बिंदू ५६ वर आणा, १९२ वरचा २०० वर न्या. कॉन्ट्रास्ट वाढतो. का वाढतो ते रेषेच्या चढात आहे. रेषा जिथे जास्त उभी, तिथे शेजारच्या दोन छटांमधलं अंतर वाढतं. जिथे आडवी होते, तिथे अंतर कमी होतं. एस आकारात मध्य उभा होतो आणि दोन्ही टोकं चपटी होतात. म्हणजे मध्ये मिळालेला कॉन्ट्रास्ट सावल्यांतून आणि उजळ भागांतून काढून घेतलेला असतो.

हे कळलं की प्रश्न बदलतो. ‘एस किती मोठा करू’ याऐवजी ‘या फोटोत मला तपशील कुठे हवा आहे’ असं विचारता येतं. फोटोशॉपमध्ये कर्व्हज उघडं असताना कंट्रोल दाबून फोटोवर क्लिक केलं तर त्या जागेचा बिंदू रेषेवर उमटतो. चेहऱ्यावर क्लिक करा, तो बिंदू रेषेवर कुठे पडला ते बघा आणि रेषा तिथेच थोडी उभी करा. पावसातल्या फोटोत सगळा तपशील १०० ते १८० च्या दरम्यान असेल, तर ६४ आणि १९२ वरच्या बिंदूंचा तिथे काय उपयोग? तुमचे बिंदू ११० आणि १६० च्या आसपास पडतील.

अजून एक बारकावा. कर्व्ह उभा केला की रंगही भडक होतात. नको असतील तर त्या कर्व्ह लेयरचा ब्लेंड मोड (लेयर खालच्या फोटोत कसा मिसळतो ते) ल्युमिनॉसिटी करा, म्हणजे फक्त उजेड बदलतो. मंडपातल्या रोषणाईच्या फोटोंना याची हमखास गरज पडते.

पायरी ८: मास्क

लोकलच्या दारातला माणूस घ्या. बाहेर ऊन, आत अंधार. एकच कर्व्ह दोघांना पुरत नाही. एक कर्व्ह लेयर घ्या आणि फक्त माणसाकडे बघत तो उजळा. बाहेरचं सगळं पांढरं पडेल, पडू द्या. आता त्या लेयरचा मास्क निवडून कंट्रोल आणि आय दाबा. मास्क काळा होतो आणि परिणाम लपतो. पांढरा रंग, मऊ कडेचा मोठा ब्रश, फ्लो (ब्रशमधून रंग किती उतरतो ते) १० ते २० टक्के घ्या आणि माणसावरून हळूहळू फिरवा. पांढरा दाखवतो, काळा लपवतो, करडा अर्धवट दाखवतो. मास्कबद्दल लक्षात ठेवायचं ते एवढंच. जिम्पमध्ये लेयरची नक्कल करा, नकलेवर कर्व्ह लावा आणि त्या नकलेला काळा मास्क जोडा.

चूक कुठे दिसते? केसांच्या आणि खांद्याच्या कडेला. ब्रश बाहेर गेला की माणसाभोवती उजेडाची किनार तयार होते आणि फोटो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक करा, मास्क काळापांढरा दिसेल आणि कुठे सांडलंय ते कळेल. काळ्या ब्रशने मागे घ्या. आणि माणूस किती उजळायचा याला मर्यादा असू द्या. डब्यात सावली असते. ती पूर्ण काढली तर तो माणूस दारात उभा आहे असं वाटतच नाही.

पायरी ९: रंग आणि त्वचा

व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढणारा, ड्रॉपर फोटोतल्या खरोखर करड्या किंवा पांढऱ्या वस्तूवर ठेवायचा: पांढऱ्या शर्टची कॉलर. मरीन ड्राइव्हच्या संध्याकाळच्या फोटोवर मात्र तो ठेवूच नका. तिथला सोनेरीपणा काढला तर फोटो कशासाठी काढला होता? मंडपात निळा, जांभळा आणि पिवळा असे तीन उजेड एकाच चेहऱ्यावर असतात. एका ड्रॉपरने ते सुटत नाही. आधी चेहरा ठीक करा, मास्क लावा आणि रोषणाई जशी होती तशी राहू द्या.

त्वचेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. जुन्या पुस्तकांत त्वचेच्या रंगाचे जे आकडे दिलेले असतात ते बहुतेक गोऱ्या मॉडेल्सवरून काढलेले आहेत. ते आपल्या आजीवर, मावशीवर, मित्रावर लावले की त्वचा राखाडी किंवा गुलाबी होते आणि माणूस परका दिसतो. उपयोगी पडतो तो क्रम: चांगल्या उजेडातल्या त्वचेत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. हा क्रम सावळ्या त्वचेलाही लागू पडतो. इन्फो पॅलेट (माऊसखालच्या रंगाचे आकडे दाखवणारी चौकट) उघडून तो तपासा. निळा हिरव्याच्या वर गेला असेल तर ट्यूबलाइटची किंवा एलईडीची झाक राहिली आहे, ती काढा. उजेड मात्र त्या माणसाचाच ठेवा. सावळा चेहरा उजळ करून देणं ही दुरुस्ती नाही, तो दुसऱ्या कुणाचा तरी फोटो होतो. लग्नाच्या अल्बमात नवरी चार छटा गोरी करण्याची पद्धत आहे. तुम्ही ती सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं.

पायरी १०: डाग आणि तारा

क्लोन स्टँप एक तुकडा उचलून जसाच्या तसा लावतो. हीलिंग ब्रश पोत उचलतो आणि रंग-उजेड नव्या जागेचा धरतो. म्हणून गालावरच्या पुटकुळीला हीलिंग आणि इमारतीच्या कडेवरून गेलेल्या केबलला क्लोन. कडेजवळ हीलिंग वापरलं की शेजारचा रंग आत झिरपतो आणि धूसर डाग पडतो. दोन्ही कामं नव्या रिकाम्या लेयरवर करा, सँपल करंट अँड बिलो ठेवून, म्हणजे साधन खालच्या फोटोतूनही उचलतं. आठवड्यात जाणारी गोष्ट काढावी, तीळ आणि जुना व्रण राहू द्यावा, हा नियम मला पटतो.

ट्रंकेतला फोटो ६०० पीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) आणि कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा, टिफ म्हणून ठेवा. आपल्या दमट हवेत आलेले बुरशीचे आणि चहाच्या रंगाचे डाग निळ्या चॅनेलमध्ये (फोटोतला फक्त निळ्या रंगाचा भाग) ठळक दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये बरेचदा जवळजवळ नाहीसे होतात. कृष्णधवल फोटो असेल तर फक्त लाल चॅनेल घेऊन कामाला सुरुवात करा, अर्धी मेहनत वाचते. प्रिंट काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

पायरी ११: शार्पनिंग

सुरुवातीच्या आकड्यांकडे आता वळू. अनशार्प मास्क हे शार्पनिंगचं साधन आहे, पायरी ८ मधल्या मास्कशी त्याची गल्लत नको. तो कडेच्या एका बाजूला थोडं काळं, दुसऱ्या बाजूला थोडं पांढरं करतो. अमाउंट म्हणजे किती काळं-पांढरं, रेडियस म्हणजे किती रुंद, थ्रेशोल्ड म्हणजे किती फरक असल्यावर त्याला कड मानायचं. रेडियस पिक्सेलमध्ये मोजतात. पुस्तक ६ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या काळातलं असेल तर लेखकाचा फोटो साधारण ३००० पिक्सेल रुंद होता. तुमचा २४ मेगापिक्सेलचा ६००० रुंद आहे. त्याचा १ पिक्सेल आणि तुमचा १ पिक्सेल फोटोच्या मानाने सारखे नाहीत. शिवाय तोच फोटो मोबाइलसाठी लहान केला की हिशोब पुन्हा बदलतो. म्हणून आधी फोटो शेवटच्या आकाराचा करा, १०० टक्के झूमवर बघा आणि सगळ्यात शेवटी शार्पन करा. त्वचेची छिद्रं टोचायला लागली तर थ्रेशोल्ड वाढवा.

पायरी १२: बाहेर पाठवणं

मोबाइल आणि वेबसाठी एसआरजीबी रंगसंचातलं जेपेग. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रिंटसाठी ३०० पीपीआय धरा: ८ बाय १२ इंचाला २४०० बाय ३६०० पिक्सेल, १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००. मोठा प्रिंट देण्याआधी फोटोचा एक तुकडा तीन वेगवेगळ्या कर्व्हजनी तयार करून एकाच ४ बाय ६ च्या कागदावर छापून घ्या. तिन्ही खाली क्रमांक टाका. जो बरा वाटेल त्याचा कर्व्ह मूळ फाइलमध्ये लावा आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात लॅबचं नाव आणि तारीख लिहा. लॅब बदलली तर हाच कागद पुन्हा छापून घ्यावा लागेल.